डॉलरच्या सौद्यात फंडामेंटल की टेक्निकल? आधी तुमची तारीख बघा

रबाळे एमआयडीसीत आमचा स्टेनलेस स्टीलच्या फिटिंग्जचा छोटा कारखाना आहे. मशीनकडे नवरा आणि दीर बघतात. बिलं, बँक आणि डॉलर माझ्याकडे. माल न्हावा शेवाहून निघतो आणि पैसे येतात माल चढल्यानंतर साठ ते नव्वद दिवसांनी. त्या मधल्या दिवसांत डॉलर दोन रुपये हलला की बिलावरचा बराचसा नफा तरी जातो, नाहीतर अचानक वाढून येतो. म्हणून मला करन्सी फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच ठरवणारे एक्सचेंजवरचे सौदे, शिकावं लागलं.

शिकताना सगळ्यात जास्त घोळ झाला तो एकाच प्रश्नावर. फंडामेंटल (व्याजदर, तेल, तूट अशी भावामागची कारणं) बघायचं की टेक्निकल (भावाचा चार्ट)? एक जण म्हणायचा, चार्टमध्ये सगळं आलेलं असतं, बातम्या बंद कर. दुसरा म्हणायचा, रेषा ओढून डॉलर कळत नाही, व्याजदर वाच. दोघंही अनुभवी आणि दोघंही मनापासून सांगत होते. आज वागळे इस्टेटमधले ओळखीचे कारखानदार, मुलीला परदेशी शिकायला पाठवणारे आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतले पालक, घणसोलीत आयटीत काम करणारी मुलं मला हेच विचारतात. मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं, त्या क्रमाने इथे लिहिते आहे.

1. कायदा आधी, चार्ट नंतर

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. भारतात रुपयातले चलनाचे फ्युचर्स एनएसई किंवा बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्सचेंजवर, सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरमार्फत होतात. एनएसईवर डॉलर-रुपया फ्युचर्स 29 ऑगस्ट 2008 ला सुरू झाले. पुढे 2010 मध्ये युरो, पाउंड आणि येन आले. बरीच वर्षं कोणीही खातं उघडून सौदे करत असे. मात्र रिझर्व्ह बँकेने 5 जानेवारी 2024 ला परिपत्रक काढून नियम स्पष्ट केला आणि तो 3 मे 2024 पासून लागू झाला. रुपया असलेल्या जोडीत पोझिशन घ्यायची तर तुमच्याकडे खरोखरचा परकीय चलनाचा व्यवहार असला पाहिजे, म्हणजे करार झालेली निर्यात, आयात, फी, कर्जाचा हप्ता असं काहीतरी. 10 कोटी डॉलरपर्यंत एक्सचेंजला कागद दाखवावे लागत नाहीत, पण तो व्यवहार असायलाच हवा आणि तोच व्यवहार दुसरीकडे आधीच हेज केलेला, म्हणजे उलट सौदा करून सुरक्षित केलेला, नसावा.

बरेच जण इथेच चुकतात. ‘कागद मागत नाहीत’ याचा अर्थ ‘कागद लागत नाहीत’ असा घेतात. तुमच्याकडे येणारे किंवा जाणारे डॉलर नसतील, तर रुपयाच्या सौद्यात उतरू नका. शिकायचंच असेल तर वहीवर सौदे लिहून शिका. पैसे न लावताही शिकण्यासारखं खूप आहे.

मोबाइलवर जाहिराती येतात त्या ‘चोवीस तास फॉरेक्स’वाल्या अॅपांपासून लांब राहा. परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मवर सौदे केले तर फेमा या 1999 च्या परकीय चलनाच्या कायद्याखाली तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. अशा प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये 34 नावांनी सुरू केली आणि ती नंतर वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणून अॅपला परवानगी आहे असंही समजू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरात मुलाने अशाच एका अॅपवर युरो-डॉलरचे सौदे केले. स्क्रीनवर नफा दिसत होता, चार्ट अगदी व्यवस्थित चालत होते. पैसे काढायला गेल्यावर आधी ‘टॅक्स’ भरा म्हणून मागणी आली. तो भरल्यावर पुन्हा दुसरी मागणी. त्या मुलाने अभ्यास मनापासून केला होता, पण समोरचा बाजारच खरा नव्हता. असं काही घडलं तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळणं अवघड होतं.

2. तुमची तारीख लिहून काढा

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आमच्या नात्यातले एक काका आहेत. लवंग, दालचिनी बाहेरून मागवतात, म्हणजे त्यांचे डॉलर जातात आणि आमचे येतात. मी नवी असताना त्यांच्या पेढीवर बसून त्यांना फोनवरचा चार्ट दाखवत होते. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि गल्ल्याखालची लांबडी वही काढली. प्रत्येक पानावर तीनच रकाने होते: किती डॉलर, कोणाला, कोणत्या तारखेला. म्हणाले, “अगं, डॉलर वर जाईल का ते नंतर बघू. तुझे पैसे कधी यायचेत ते सांग. चार दिवसांनी येणाऱ्या पैशाला आणि चार महिन्यांनी येणाऱ्या पैशाला एकच औषध कसं चालेल?”

फंडामेंटल की टेक्निकल हे मी आज त्याच तारखेच्या रकान्यावरून ठरवते. व्याजदर, तेल, तूट यांचा परिणाम डॉलरवर महिन्यांनी मोजावा असा होतो. चार्टवरच्या पातळ्यांचा उपयोग दिवसांत आणि आठवड्यांत असतो. तुमच्या पैशाला तीन महिने असतील आणि तुम्ही चार्टवरच्या पंधरा मिनिटांच्या कँडल (तेवढ्या वेळातली भावाची हालचाल दाखवणाऱ्या पट्ट्या) बघत असाल, तर तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाचं उत्तर शोधताय.

तेव्हा आजच एक पान करा. रक्कम, येणार की जाणार, तारीख, आणि कोणत्या दरापर्यंत तुमचा धंदा किंवा घरचं बजेट तग धरतं तो दर. हा शेवटचा आकडा चार्टवर मिळत नाही. तो तुमच्या कॉस्टिंगमधून काढायचा. आमच्याकडे तो काढायला मला आणि दिरांना दोन रविवार लागले होते.

3. फंडामेंटल: रुपयासाठी काय वाचायचं

सगळं वाचायला गेलात तर बुडाल. रुपयापुरतं बोलायचं तर मी या गोष्टी बघते: अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे (फेडचे) व्याजदर, आपल्या रिझर्व्ह बँकेचे व्याजदर, कच्चं तेल, परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा आत येतोय की बाहेर जातोय, आणि चालू खात्यावरची तूट, म्हणजे देशाच्या आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांत येणाऱ्यापेक्षा जाणारे डॉलर किती जास्त. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातला बहुतांश भाग आयात करतो, म्हणून तेल तापलं की तेल कंपन्यांना जास्त डॉलर लागतात आणि रुपयावर ताण येतो. 2022 हे वर्ष याचा चांगला धडा आहे. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल भडकलं, मार्चपासून फेडने व्याजदर वाढवायला सुरुवात केली. जानेवारीत 74 च्या आसपास असलेल्या डॉलरने ऑक्टोबरात 83 ओलांडले. ज्याला डिसेंबरात पैसे द्यायचे होते त्याला हे वाचून दिशा नक्कीच कळली असती.

पण फंडामेंटलची मोठी उणीव अशी की ते ‘कधी’ हे सांगत नाही. 2012-13 मध्ये आपली चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर गेली होती. आकडे सगळ्यांसमोर होते. तरी मे 2013 च्या सुरुवातीला डॉलर 54 च्या आसपास शांत होता. 22 मे ला फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचा विषय काढला आणि 28 ऑगस्टला डॉलर 68 च्या वर होता. तुटीकडे बघून आदल्या वर्षी डॉलर घेऊन बसलेला माणूस दिशेला बरोबर होता, पण मधले महिने मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवावी लागणारी रक्कम) भरत थांबणं सगळ्यांना झेपत नाही.

आता रुपयाचं एक वेगळेपण, जे परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँक गरज पडली की बाजारात डॉलर विकते किंवा विकत घेते. अमुकच भाव हवा असं आपलं धोरण नाही, फार चढउतार होऊ नयेत म्हणून हस्तक्षेप करतो, अशी बँकेची भूमिका आहे. याचा चार्टवर परिणाम असा की भाव भिंतीला टेकल्यासारखा एका जागी अडकतो. 2023 चा ऑक्टोबर आठवा: महिनाभर डॉलर सव्वात्र्याऐंशीच्या जवळपास काही पैशांत घुटमळत होता. त्या काळात ‘ब्रेकआउट आला’, म्हणजे भाव अडकलेल्या जागेतून सुटला, म्हणून घेतलेले सौदे पुन्हा पुन्हा फसले. आणि उलटही होतं. 2024 च्या डिसेंबरपासून 2025 च्या फेब्रुवारीपर्यंत डॉलर साडेचौऱ्याऐंशीच्या आसपासून 88 च्या जवळ गेला, आणि महिनोन् महिने शांत चार्टची सवय झालेले लोक गाफील सापडले. म्हणून रुपयाच्या बाबतीत ‘रिझर्व्ह बँक सध्या काय करते आहे’ हे मी फंडामेंटलच्या यादीत सगळ्यात वर लिहिते. त्यासाठी परकीय चलनाच्या गंगाजळीचा आकडा बघायचा. तो दर शुक्रवारी संध्याकाळी येतो. गंगाजळी आठवड्यामागून आठवडे कमी होत असेल तर बँक डॉलर विकत असण्याची शक्यता असते. त्या आकड्यात सोन्याच्या आणि इतर चलनांच्या किमतींचाही हिशेब असतो, तेव्हा एका आठवड्यावरून काही ठरवू नका.

तारखांची वही वेगळी ठेवा:

- रिझर्व्ह बँकेचं पतधोरण: वर्षातून सहा वेळा साधारणपणे, सकाळी दहाला. म्हणजे बाजार चालू असताना.
- फेडचा निर्णय: वर्षातून आठ वेळा. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा.
- अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे: बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्या संध्याकाळी सहा किंवा सात वाजता.
- अमेरिकेतल्या महागाईचे आकडे: महिन्यातून एकदा, त्याच वेळेला.

रुपयाचे फ्युचर्स सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चालतात. वरच्या यादीतल्या अमेरिकेच्या तिन्ही गोष्टी आपला बाजार बंद झाल्यावर घडतात. हे लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत लागेल. आणि वहीत नसलेली तारीखही येते: 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीबाहेर, दुपारी, रेपो दर 0.40 टक्क्यांनी वाढवला होता.

4. टेक्निकल: चार्ट काय सांगतो, काय नाही

टेक्निकलवर खूप लिहिलं गेलंय, मी थोडक्यात सांगते. नव्या माणसाला तीन गोष्टी पुरतात. दिवसाच्या कँडलचा चार्ट. त्यावर गेल्या काही आठवड्यांत भाव जिथून वळला त्या पातळ्या, म्हणजे खालचा सपोर्ट आणि वरचा रेझिस्टन्स. आणि मागच्या 20 दिवसांच्या भावांची सरासरी, म्हणजे मूव्हिंग अॅव्हरेज. चौथी गोष्ट घ्यायचीच तर एटीआर घ्या, कारण डॉलर दिवसाला साधारण किती पैसे हलतो ते त्यातून कळतं. दिवसाला 25 पैसे हलणाऱ्या बाजारात 5 पैशांचा स्टॉप लॉस (भाव उलटा गेला तर सौदा आपोआप कापणारी ऑर्डर) लावला तर तो नुसत्या गडबडीत उडतो. आरएसआय (भाव किती जोरात चढला किंवा उतरला ते 0 ते 100 मध्ये दाखवणारा आकडा) 70 च्या वर गेला म्हणून डॉलर विकू नका. सरळ वर जाणाऱ्या बाजारात तो कितीतरी दिवस वरच चिकटून राहतो.

चार्टचा खरा उपयोग एकच, पण फार मोलाचा: सौदा कुठे करायचा आणि आपण चुकलो हे कुठे मान्य करायचं, याचा आकडा तो देतो. फंडामेंटल वाचून असा आकडा निघत नाही.

आता तोट्याचा अनुभव. 2022 च्या नोव्हेंबरात आमचे डॉलर डिसेंबरात यायचे होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉलर जिथून उसळला होता, साधारण त्याच पातळीला तो पुन्हा आला होता. सपोर्ट स्वच्छ दिसत होता. मी दोन लॉट (एक लॉट 1000 डॉलरचा) विकत घेतले, 20 पैसे खाली स्टॉप लॉस लावला, पाचला बाजार बंद झाला, मी कारखान्याला कुलूप लावून घरी गेले. 10 नोव्हेंबर होता. संध्याकाळी सातला अमेरिकेच्या महागाईचा आकडा आला: 7.7 टक्के, आदल्या महिन्यातल्या 8.2 वरून खाली. जगभर डॉलर कोसळला. आपला बाजार बंद. सकाळी नऊला आपल्याकडे डॉलर मोठी दरी पाडून खाली उघडला आणि त्या दिवशी 81 च्या खाली बंद झाला. माझा स्टॉप लॉस मधल्या रिकाम्या जागेत होता. सौदा उघडलेल्या भावालाच कापला गेला आणि तोटा ठरवलेल्याच्या तिपटीहून जास्त झाला.

यात माझ्या दोन चुका होत्या. तारखांची वही बघितली असती तर त्या संध्याकाळी काय येणार आहे ते कळलं असतं. दुसरी चूक अधिक मोठी. आमचे डॉलर येणार होते, म्हणजे डॉलर पडला तर आमचं नुकसान होणारच होतं. त्यावर मी आणखी डॉलर विकत घेतले. चार्ट बघण्याच्या नादात मी कोणत्या बाजूला उभी आहे तेच विसरले. आज नियमानेही असा सौदा बसत नाही.

डॉलर-रुपयाच्या चार्टवर आणखी दोन फसव्या जागा आहेत. पहिली: फ्युचर्सचा भाव हजर भावापेक्षा, म्हणजे आजच्या बाजारभावापेक्षा, सहसा जास्त असतो, कारण आपले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असतात. व्याजाचा फरक वर्षाला 2 टक्के धरला तर 83 च्या डॉलरवर तीन महिन्यांत साधारण 41 पैसे होतात. नवी माणसं हा फरक बघून ‘बाजाराला डॉलर वाढेल असं वाटतंय’ असं समजतात. तसं नसतं, तो व्याजाचा हिशेब आहे. निर्यातदाराला तो मिळतो, आयातदाराला तो द्यावा लागतो. दुसरी: महिनाअखेरीला एक कॉन्ट्रॅक्ट संपून चार्ट पुढच्या महिन्यावर जातो तेव्हा या फरकामुळे चार्टवर खोटी उडी दिसते. तिला ब्रेकआउट समजू नका. 2024 च्या नियमानंतर एक्सचेंजवरची उलाढालही खूप घटली, तेव्हा पातळ्या काढायला हजर डॉलरचा चार्ट वापरा आणि सौद्याआधी तुमच्या महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खरेदी-विक्रीच्या भावात किती अंतर आहे ते बघा. लांबच्या महिन्यांत ते अंतरच तुमचा फायदा खाऊन टाकू शकतं.

5. निवड कशी करायची

आता पायरी 2 मधलं पान समोर घ्या.

पैसे दोन महिन्यांहून लांब असतील तर फंडामेंटलला पहिला मान द्या. फेड आणि रिझर्व्ह बँक कोणत्या दिशेला आहेत, तेल कुठे आहे, एवढं बघून किती टक्के रक्कम आज बांधायची, म्हणजे सौदा करून तिचा दर पक्का करायचा, ते ठरवा. रोजचा चार्ट उघडू नका. आम्ही अशा बिलांचा साधारण निम्मा भाग माल चढला की लगेच बांधतो, मग आमचा अंदाज काहीही असो. उरलेल्या निम्म्यासाठीच मत वापरतो.

दोन-तीन आठवडे ते दोन महिने असतील तर दोन्ही लागतात, पण क्रम ठरलेला: दिशा फंडामेंटलने, जागा चार्टने. निर्यातदार असाल आणि डॉलर उतरेल असं वाटत असेल, तर चार्टवरच्या जवळच्या रेझिस्टन्सला विका. तो आलाच नाही तर कोणत्या तारखेला मिळेल त्या भावाला विकायचं, ती तारीखही तेव्हाच लिहा. ही तारीख न लिहिल्यामुळे ‘अजून थोडं थांबू’ करत मी एक अख्खं बिल शेवटच्या दिवसापर्यंत ओढलेलं आहे.

पैसे काही दिवसांवर आले असतील तर फंडामेंटल बाजूला ठेवा. त्यातून तुम्हाला आता काही मिळणार नाही. चार्टवर फक्त दोन पातळ्या आणि तारखांच्या वहीत येत्या तीन रात्री बघा. मोठा आकडा येणार असेल तर तो येण्याआधी काम संपवा.

दोन्ही पद्धती परस्परविरोधी बोलत असतील तर? म्हणजे व्याजदर सांगतायत डॉलर वाढेल, चार्ट सांगतोय पडतोय. मी तेव्हा सौदा लहान करते, मत बदलत नाही. आणि फीसाठी डॉलर लागणाऱ्या पालकांना माझं आग्रहाचं सांगणं: तुम्ही यातलं काहीच करू नका. फीचे हप्ते कोणत्या महिन्यांत आहेत ते बघा आणि डॉलर तुकड्यातुकड्यांत घ्या. मुलाच्या शिक्षणाचा पैसा आपल्या अंदाजावर लावायचा नसतो.

6. कागदपत्रं आणि साधनं

- पॅन, आधार, रद्द केलेला चेक, सहीचा नमुना.
- डेरिव्हेटिव्ह सेगमेंट सुरू करायला उत्पन्नाचा पुरावा: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआर किंवा सॅलरी स्लिप. आधीपासून शेअरचं खातं असेल तर करन्सी सेगमेंट वेगळा चालू करून घ्यावा लागतो.
- मूळ व्यवहाराची फाइल: आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), परचेस ऑर्डर, इन्व्हॉइस, शिपिंग बिल किंवा बिल ऑफ एंट्री, विद्यार्थ्यासाठी प्रवेशपत्र आणि फीचा तक्ता. प्रत्येक सौद्यासमोर तो कोणत्या इन्व्हॉइससाठी केला त्याचा नंबर लिहा. कोणी विचारलं तर एका मिनिटात दाखवता आलं पाहिजे.
- हजर डॉलरचा साधा चार्ट, फुकट मिळतो तो चालतो.
- तारखांची वही. मोबाइलमध्ये नको, मोबाइलमधलं बघितलं जात नाही, हा माझा अनुभव.
- सीएशी एकदा बोलणं. फ्युचर्सचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे पगारदार माणसाचाही आयटीआरचा फॉर्म बदलतो.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधी करा: तुमची बँक डॉलर वटवताना बाजारभावापेक्षा किती पैसे कमी देते ते विचारा. आमच्या जुन्या बँकेत हा फरक किती मोठा होता ते मला दोन वर्षं माहीतच नव्हतं, आणि इथे मी पाच-पाच पैशांसाठी चार्ट बघत होते. बँकेशी घासाघीस होते, लेखी विनंती केली तर बऱ्याचदा फरक कमी करून मिळतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा प्लॅटफॉर्म 2019 पासून आहे, त्यावर बँकेमार्फत बाजारभावाच्या जवळ व्यवहार करता येतो. बँकेतल्या माणसाला तुम्हीच त्याचं नाव सांगावं लागेल कदाचित. आणि एका मोठ्या बिलासाठी फ्युचर्सपेक्षा बँकेचा फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा दर थेट बँकेशी आजच ठरवणं) सोयीचा पडू शकतो, तेही विचारून घ्या.

7. पहिला सौदा

एकच लॉट. डॉलरचा एक लॉट 1000 डॉलरचा असतो, म्हणजे भाव एक पैसा हलला की तुमचे 10 रुपये हलतात. भाव पाव पैशाच्या टप्प्यांनी सरकतो. 25 हजार डॉलरच्या बिलाला 25 लॉट लागतात, पण पहिल्या महिन्यात 25 लॉट करू नका. एक लॉट करून मार्जिन किती अडकलं, रोजचा हिशेब खात्यात कसा येतो, कॉन्ट्रॅक्ट नोटवर काय काय कापलं जातं, हे बघा.

रोजच्या हिशेबाची तयारी ठेवा, कारण छोट्या निर्यातदाराची खरी अडचण इथे होते. समजा तुम्ही 25 लॉट विकले आणि डॉलर एक रुपया वाढला. तुमच्या बिलाचे 25 हजार रुपये वाढले हे खरं, पण ते दोन महिन्यांनी हातात येणार. फ्युचर्सचा 25 हजारांचा तोटा मात्र लगेच भरायचा आहे. तेवढी रोकड बाजूला नसेल तर ब्रोकर तुमचा सौदा कापतो आणि बरोबर नको त्या भावाला हेज सुटतं. मी मार्जिनव्यतिरिक्त दर लॉटमागे दोन रुपयांच्या हालचालीइतके, म्हणजे 2000 रुपये वेगळे ठेवते.

सौदा करताना वहीत हे लिहा: कोणत्या बिलासाठी, फंडामेंटलचं एक वाक्य, चार्टवरचा एक आकडा, आणि कोणत्या भावाला किंवा तारखेला बाहेर. फंडामेंटलचं वाक्य तीन ओळींचं झालं तर समजा ते तुम्हालाच अजून कळलेलं नाही. कॉन्ट्रॅक्टचा शेवटचा दिवस आधी बघून ठेवा: महिन्यातल्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी, आणि त्या दिवशी सौदे दुपारी साडेबारालाच थांबतात, पाचला नाही. हिशेब संदर्भ दराने रुपयांत होतो, डॉलर हातात येत नाहीत. तुमचं बिल त्यानंतर वटणार असेल तर पुढच्या महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट घ्या.

पहिले तीन महिने दर सौद्याच्या शेवटी फंडामेंटलचं वाक्य बरोबर निघालं का आणि चार्टचा आकडा उपयोगी पडला का, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. माझ्या वहीत असं निघालं की दिशा मी बऱ्यापैकी ओळखते, पण घाईने आत शिरते. दिरांचं उलट निघालं. म्हणून आता आमच्याकडे ‘किती आणि कोणत्या महिन्यात’ मी ठरवते, ‘कोणत्या भावाला’ ते ठरवतात, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ऑर्डर जात नाही. शुक्रवारी पाचला बाजार बंद झाला की आम्ही ती वही उघडतो. गंगाजळीचा आकडाही त्याच संध्याकाळी येतो, तो त्याच पानावर वर लिहून ठेवतो.